तरोटा की कासविंदा? रानभाजी खुडण्याआधी



मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की आपल्या धाराशिव जिल्ह्यातले बांध, पडीक राने आणि वस्तीच्या कडा हिरव्या होतात. तरोटा, कुंजीर, घोळ, चिवळ, तांदुळजा, पाथरी, केना. खुरपायला गेलेली बाई संध्याकाळी परतताना पदरात भाजी घेऊन येते आणि भाकरीबरोबर तेवढेच कोरड्यास होते. या भाजीला पैसे पडत नाहीत. ज्या बाईच्या अंगात रक्त कमी आहे, तिला तर हिरवी पालेभाजी हवीच.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो, रानभाजी खाऊ नका असे हे पान सांगणार नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या कितीतरी घरांनी रानातल्या पाल्यावर दिवस काढले. त्या पिढीला कोणते पान कोवळे असतानाच खायचे, कोणते दोनदा उकळून पाणी टाकून द्यायचे, कोणत्याला हात लावायचा नाही, हे सारे ठाऊक होते. आज आजी थकली आहे, आई मजुरीला जाते, मुलगी शिकायला तालुक्याला आहे. भाजी खुडायची सवय घरात राहिली, पण तिची ओळख तेवढी राहिली आहे का, हा आमचा प्रश्न आहे. अपघात होतात ते इथेच.

एक खरी हकीकत सांगतो. ती आपल्या जिल्ह्यातली नाही, पण तिच्यातले झुडूप आपल्या वस्तीमागेही उगवते.

उत्तर प्रदेशाच्या पश्चिम भागात, बिजनौर आणि सहारनपूर या जिल्ह्यांत, कित्येक वर्षे पावसाळा सरता सरता लहान मुले अचानक दगावत होती. काल खेळत असलेले पोर आज उलट्या करू लागे, असंबद्ध बडबडे, त्याला झटके येत आणि ते बेशुद्ध पडे. दोन-तीन दिवसांत खेळ संपे. दवाखान्यात पोहोचलेल्या मुलांपैकीही निम्म्याहून अधिक वाचत नसत. मेंदूज्वर म्हणून नोंद होई आणि विषाणूचा शोध सुरू राही. विषाणू काही सापडत नव्हता.

बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांनी वेगळी वाट धरली. आजारी पडण्याआधी मुलाने काय खाल्ले, कुठे खेळले, हे त्यांनी घरच्यांना विचारले. आजारी मुले गरीब घरांतली होती आणि बहुतेक पाच वर्षांच्या आतली. गावाच्या कडेला वाढणाऱ्या एका झुडपाच्या शेंगा त्यांनी खेळता खेळता खाल्ल्या होत्या. ते झुडूप म्हणजे कासविंदा. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कासविंद्याच्या बियांतले विष यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींवर एकाच वेळी घाला घालते. त्यावर उतारा असे औषध नाही.

पुढे काय झाले ते जास्त महत्त्वाचे आहे. आईबापांना झुडूप दाखवले गेले, शेंगांपासून मुलांना लांब ठेवायला सांगितले गेले. काही वर्षांनी सहारनपूरच्या डॉक्टरांनी लिहिले की हा आजार त्यांच्या भागातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. लस आली नव्हती, नवे औषध निघाले नव्हते. लोकांना एका झुडपाची ओळख पटली होती.

ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात मात्र ती पटायला उशीर झाला. २०१६ च्या पावसाळ्याअखेरीस तिथे शंभराहून अधिक मुले गेली, बहुतेक आदिवासी. काही मुलांमध्ये जपानी मेंदूज्वर आढळला. बाकीच्या अनेकांच्या बाबतीत तज्ज्ञांनी याच झुडपाकडे बोट दाखवले आणि मुलांच्या कुपोषणाकडेही. पोट भरलेले मूल गावाच्या कडेची शेंग सोलून खात बसत नाही. गेलेली मुले कोणाची होती, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

आता तरोटा आणि कासविंदा. दोन्ही एकाच घराण्यातले. दोन्ही पावसाळ्यात उगवतात, दोन्हींना पिवळी फुले येतात, दोन्ही उकिरड्याजवळ, रस्त्याच्या कडेला, पडक्या भिंतीपाशी शेजारी शेजारी दिसतात. तरोट्याला कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात टाकळा म्हणतात, आणि कासविंद्याला काही ठिकाणी रानटाकळा. घोटाळा नावापासूनच सुरू होतो. तेव्हा नाव बाजूला ठेवून पान हातात घ्या.

तरोट्याच्या एका देठावर पानांच्या बहुधा तीनच जोड्या असतात आणि प्रत्येक पानाचे टोक गोलसर असते, बोटाच्या पेरासारखे. कासविंद्याच्या देठावर जोड्या जास्त, बहुधा चार-पाच, आणि प्रत्येक पान टोकाशी निमुळते, अणकुचीदार. शेंगा आल्या की फरक आणखी स्पष्ट होतो. तरोट्याची शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली असते. कासविंद्याची शेंग चपटी, रुंद, मध्ये तपकिरी आणि दोन्ही कडांना फिकट पट्टी असलेली. वासावर जाऊ नका. पान चुरगाळले तर कासविंद्याला उग्र वास येतो हे खरे, पण तरोट्यालाही येतो.

तरोटा खायचा तो पहिल्या पावसानंतरचा, कोवळा, वीतभर उंचीचा. त्या वयात शेंगा नसतात, म्हणून पानाच्या टोकावरच ओळख ठरते. कासविंद्याचा पाला काही ठिकाणी औषध म्हणून वापरतात आणि त्याचे विष मुख्यतः बियांत असते, हे आम्हाला ठाऊक आहे. तरीही दोन्ही एकत्र खुडायचे कारण नाही. आणि भाद्रपद-आश्विनात शेंगा भरू लागल्या की वस्तीच्या कडेचा, अंगणवाडीच्या मागचा, शाळेच्या भिंतीपासचा कासविंदा उपटून टाकावा. मोठ्यांपेक्षा त्या शेंगेचा धोका चार वर्षांच्या पोराला आहे.

पुष्कळ घरांत एक ठोकताळा असतो की मोडल्यावर पांढरा चीक निघाला तर ती भाजी खायची नाही. घोळीच्या बाबतीत तो उपयोगी आहे. घोळ आणि चिवळ या जमिनीसरपट भाज्यांमध्ये दुधीचे तण मिसळून वाढते. वरवर सारखेच दिसते, पण दुधीची काडी मोडली की पांढरा चीक येतो आणि तो तोंडाला, पोटाला त्रास देतो. घोळीतून नुसते पाणी येते. पण हाच ठोकताळा पाथरीला लावला तर चांगली भाजी टाकून द्याल, कारण पाथरीलाही चीक असतो आणि ती पिढ्यान् पिढ्या खाल्ली जाते. कडू लागले की विषारी, हे दुसरे अनुमान. दुधी भोपळा किंवा दोडका कडू लागला तर तो टाकलाच पाहिजे, शिजवूनही त्याचे विष जात नाही. मात्र पुढे ज्या चंद्रज्योतीबद्दल सांगणार आहोत, तिचे बी चवीला गोडसर असते. अळंबीबरोबर चांदीचे नाणे किंवा कांदा शिजवून तो काळा पडतो का हे पाहतात, तो तर निव्वळ भ्रम आहे. अळंबीच्या काही जाती अशा आहेत की त्यांचा त्रास सहा ते चोवीस तासांनी सुरू होतो, आणि तोवर यकृत जायबंदी होऊ लागलेले असते. थोडक्यात, सगळ्या झाडांना लागू पडेल असा एक नियम नाही. प्रत्येक भाजी तिच्या स्वतःच्या खुणांनी ओळखावी लागते.

आता धोत्र्याकडे येऊ. त्यावर जरा जास्त लिहिणार आहोत, कारण इथे विष एक नुकसान करते आणि अज्ञान दुसरे.

धोत्र्याचे मोठे झाड, पांढरे किंवा जांभळट कर्ण्यासारखे फूल आणि काटेरी बोंड सगळ्यांना ओळखता येते. अडचण रोपट्याची आहे. तांदुळजाच्या दाट वाफ्यात धोत्र्याची चार-सहा पानांची कोवळी रोपे उगवली असतील आणि बाई दिवेलागणीला घाईने मुठीमुठीने भाजी उपटत असेल, तर ती रोपे भाजीत येतात. ग्रीसमध्ये आपल्या माठासारखी एक रानभाजी खातात, तिच्यात धोत्र्याची पाने मिसळून विषबाधा झाल्याची नोंद आहे. डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात पाकीटबंद कोवळ्या पालकात धोत्र्याच्याच जातीचे तण मिसळले गेले आणि दोनशेच्या आसपास माणसे आजारी पडली. यंत्राने पेरणी-कापणी करणाऱ्या देशात हे घडते, तर आपल्या बाईने अंधारात चूक केली म्हणून तिला बोल लावू नये. बी मळणीत मिसळते हाही धोका आहे. २०१९ साली युगांडात मदत म्हणून वाटलेल्या पौष्टिक पिठात धोत्र्याच्या बियांचे विष गेले होते. सुमारे तीनशे माणसे आजारी पडली आणि पाच दगावली. सोयाबीन, ज्वारी निवडताना चपटे, तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचे, मिरचीच्या बियांसारखे बी दिसले तर ते बाजूला काढा.

धोत्रा पोटात गेला की अर्ध्या तासापासून काही तासांत लक्षणे दिसतात. तोंड आणि घसा कोरडा ठणठणीत पडतो, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो. चेहरा लाल होतो, अंग तापते पण घाम येत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, उजेड सहन होत नाही. लघवी अडते. मग माणूस भरकटतो. नसलेल्या माणसांशी बोलतो, हसतो, रडतो, हवेत काहीतरी पकडू पाहतो, अंगावरचे कपडे ओढतो.

आता सांगा, खेड्यात रात्री आठ वाजता एखादी सून असे वागू लागली तर पहिला शब्द कोणता निघतो?

आमच्या माहितीतल्या एका घरात असेच झाले. घरातली तीन माणसे एकाच रात्री बडबडू लागली. शेजारच्या गावातल्या एका बाबाला बोलावणे गेले, अंगारा आला, लिंबू आले. दीड-दोन तास त्यात गेले. शेवटी आशाताई आल्या. त्यांनी बॅटरीच्या उजेडात डोळे पाहिले, तोंडात बोट फिरवून जीभ कोरडी असल्याचे पाहिले आणि एकच विचारले, ‘‘आज कालवण कशाचं होतं आणि कोण कोण जेवलं?’’ घरातल्या एका मुलाला ताप होता, तो नुसता दूध-भात जेवला होता. तो ठीक होता. बाकीचे तिघे भाजी जेवले होते. तिघेही पुढे दोन दिवसांत बरे होऊन घरी आले, पण ते दोन तास वाया गेले नसते तर बरे झाले असते. सांगायचे ते एवढेच की एकाच भांड्यातले जेवलेली माणसे एकाच वेळी झपाटली जात नाहीत. तिथे भांडे तपासायचे असते.

बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला ज्या प्रतिज्ञा दिल्या, त्यांनी देव्हारे घरातून गेले. पण आजारपणाच्या रात्री, भीतीच्या पोटी, जुने काहीतरी मागच्या दाराने आत येते. आपण ते मान्य करायला हवे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे, त्याचे हाल करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. मात्र कायदा दुसऱ्या दिवशी उपयोगी पडतो. त्या रात्री उपयोगी पडते ती डोळ्यांची बाहुली बघण्याची अक्कल.

बाहुलीवरून आणखी एक. आपल्याकडे फवारणीच्या औषधाची विषबाधा पुष्कळ होते. त्यातल्या नेहमीच्या एका जातीच्या कीटकनाशकांनी उलटे घडते: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या लहान होतात, तोंडाला लाळ सुटते, घाम येतो. त्यावर डॉक्टर अॅट्रोपिनचे इंजेक्शन देतात, आणि अॅट्रोपिन हे धोत्र्यातच असलेले द्रव्य आहे. हे ऐकून कोणी फवारणीच्या विषावर धोत्रा उगाळून देऊ नये. दवाखान्यात ते थेंबाच्या मापाने, नाडी बघत देतात. झाडाच्या एका पानात किती आहे आणि दुसऱ्यात किती, याचा काही भरवसा नसतो.

फवारणीचा विषय निघाला म्हणून सांगतो. भाजीची ओळख बरोबर असली तरी रान बाधू शकते. आपल्यातल्या बहुतेकांची स्वतःची जमीन नाही किंवा थोडी आहे. भाजी दुसऱ्याच्या बांधावरची. मालकाने काल तणनाशक मारले, हे मजूर बाईला सांगण्याची पद्धत नाही. तणनाशक मारल्यावर पहिल्या दिवशी भाजी हिरवीच दिसते. त्यामुळे कामाला गेल्यावर ‘या रानात काय मारलंय, कवा मारलंय’ हे विचारायला लाजू नका. उत्तर मिळाले नाही तर त्या बांधाची भाजी घेऊ नका. पाने कडेने पिवळी किंवा भाजल्यासारखी दिसली, तण एका पट्ट्यात मान टाकून पडलेले दिसले, तर तो पट्टा सोडा.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक झाड आहे, चंद्रज्योत. कुणी मोगली एरंड म्हणतात, कुणी रानएरंड. पूर्वीपासून ते कुंपणाला लावतात, कारण जनावर त्याला तोंड लावत नाही. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने याच्या बियांच्या तेलावर गाड्या चालवण्याचा मोठा आराखडा मांडला आणि देशभर पडीक जमिनींवर, रेल्वेच्या कडेने याची लागवड झाली. डिझेलचे स्वप्न विरले, झाडे राहिली. फळ पिवळे होऊन वाळले की आत काळ्या, लांबट दोन-तीन बिया निघतात. काळी टरफल फोडली की पांढरा गर, चव शेंगदाण्याची. शाळा सुटल्यावर एक मूल फोडते, दहा मुले खातात. म्हणून याची विषबाधा एकदम घोळक्याने होते. घशात जळजळ, एकामागून एक उलट्या, पोटात कळा, जुलाब. वेळेवर सलाईन लागले तर बहुतेक मुले एक-दोन दिवसांत सावरतात. वेळ गेली तर अंगातले पाणी संपते, आणि आधीच किरकोळ असलेल्या मुलाला तेवढे पुरते. एरंडाचे बी आणि लाल-काळी गुंज या दोन्हींचे विष त्याहून जबर. अख्खे गिळले तर बी कधी कधी तसेच बाहेर पडते. चावले, फोडले तर मात्र घात होतो. गुंजांच्या माळा मुलांच्या हाती देऊ नका.

आपल्या जिल्ह्यातल्या कळंब, भूम, वाशी, परंडा भागातून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या उसतोडीला जातात. कोल्हापूर, सांगली, पार कर्नाटकापर्यंत. या कुटुंबांनी हे पान नीट वाचावे असे आम्हाला वाटते. बालाघाटाच्या माळावर शिकलेली ओळख कृष्णा-पंचगंगेच्या काठी जशीच्या तशी चालत नाही. झाडे बदलतात, नावे बदलतात, आणि आपल्या नावाचे तिथे दुसरेच झाड असू शकते. कोपीजवळच्या ओढ्याकाठी रताळ्यासारखा कंद सापडला तर तो भाजू नका. पावसाळ्यात ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुले येणाऱ्या कळलावीचा कंद तसाच दिसतो, आणि श्रीलंकेत तो रताळे समजून खाल्ल्याने माणसे मेली आहेत. कळलावीचे फूल कंद काढण्याच्या दिवसांत वाळून गेलेले असते, म्हणून फसगत होते. पहिल्या दिवशी उलट्या-जुलाब होतात, थोडे बरे वाटते आणि मग रक्तातल्या पेशी घटू लागतात. बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून हा कंद वापरण्याची जुनी रीत आहे, नावही त्यावरूनच पडले. ती रीत आता कोणी करू नये. उसाच्या फडावर मुलाने काय खाल्ले ते बघायला कोणी नसते, आई पहाटे चारपासून फडात असते. मोठ्या मुलीवर धाकट्यांना सोपवले जाते. त्या मोठ्या मुलीला तरी ही चार-पाच झाडे दाखवून ठेवा.

औषध म्हणून खाल्लेल्या वनस्पतीबद्दलही बोलायला हवे. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचा काढा चालू होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले, सगळ्यांनी गुळवेल घेतलेली होती. हा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले की गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल चुकून घेतली गेली असावी. त्या दुसऱ्या वेलीच्या खोडावर ठळक गाठी असतात. पुढे २०२२ मध्ये देशभरातल्या तेरा केंद्रांतून त्रेचाळीस रुग्णांचा अभ्यास आला आणि त्या डॉक्टरांनी खुद्द गुळवेलीवरच बोट ठेवले. हा वाद दोन्ही बाजूंनी चालला. आमचे मत विचाराल तर, वेल चुकीची असो वा बरोबर, कावीळ झालेल्या माणसाला त्याने फरक पडत नाही. काढा घेणाऱ्याला डोळे पिवळे, लघवी गडद, भूक गेलेली असे जाणवले तर काढा त्याच दिवशी बंद करून रक्ताची तपासणी करावी.

जीवकाची गोष्ट आपण विहारात ऐकतो. तक्षशिलेला गुरूने त्याला सांगितले की योजनभर फिरून औषधाला निरुपयोगी अशी एक तरी वनस्पती घेऊन ये. तो फावडे घेऊन फिरला आणि रिकाम्या हाताने परत आला. ही गोष्ट सांगून कोणी म्हणतात, सगळेच औषध आहे, घ्या निर्धास्त. पण जीवक त्याआधी सात वर्षे शिकत होता, हा भाग सांगायचा राहून जातो.

आता, चूक झालीच तर काय करायचे?

तोंडात उरलेला पाला किंवा बी बोटाने काढा, चूळ भरायला लावा. उलटी करायला लावू नका. घशात बोट घालणे, मिठाचे पाणी पाजणे, हे आपल्याकडे फार चालते आणि त्याने मुले दगावतात. उलटी श्वासनळीत जाते, आणि मीठ जास्त झाले तर तेच वेगळे विष होते. तूप, ताक, लिंबू, चिंचेचा कोळ, कांद्याचा रस, काहीही पाजू नका. दवाखान्यात विषावर कोळशाची भुकटी देतात हे ऐकून कोणी चुलीतला कोळसा वाटून देतात. तो कोळसा वेगळा, हा वेगळा. माणूस बेशुद्ध असेल तर त्याला कुशीवर निजवा, पाठीवर नाही, आणि तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.

१०८ ला फोन करा. गाडीला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. लक्षणे दिसायची वाट पाहू नका. कासविंदा, कळलावी, अळंबी यांत लक्षणे दिसतात तेव्हा निम्मे काम झालेले असते. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात राष्ट्रीय विषमाहिती केंद्र आहे, त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७. छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही तिथून सल्ला मिळतो, तेव्हा हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा.

निघताना सोबत काय न्यायचे, हे फार लोक विसरतात. खाल्लेल्या झाडाची फांदी, पानासकट, फळ-शेंग असेल तर तिच्यासकट. उरलेली भाजी डब्यात. उलटी झाली असेल तर तीही पिशवीत. किळस वाटू देऊ नका. तिच्यातले एक बी डॉक्टरांचे काम तासाभराने कमी करते. काय खाल्ले, किती, केव्हा, आणि आणखी कोणी खाल्ले, हे कागदावर लिहून घ्या. आजारी न पडलेल्या पण तीच भाजी जेवलेल्या माणसालाही बरोबर न्या.

दवाखान्यात विषबाधेची नोंद पोलिसांकडे जाते. त्याला एमएलसी म्हणतात. या नावाला घाबरून काही घरे ‘काही खाल्लं नाही, असंच होतंय’ असे सांगतात आणि डॉक्टर अंधारात राहतात. ही नोंद प्रत्येक विषबाधेत होते, ती तुमच्यावरचा आरोप नसते. हवालदार विचारतील, खरे ते सांगायचे. खर्चाची धास्ती असेल तर राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, हे ध्यानात ठेवा. त्या भीतीने रात्र घरात काढू नका.

आणि घरी परतल्यावर. आमच्या अनुभवात खरा छळ तेव्हा सुरू होतो. भाजी जिने खुडली, जिने शिजवली, तिच्यावर बोल येतो. सासू बोलते, नवरा बोलतो, गल्ली बोलते. एखाद्या घरात ‘मुद्दामच घातलं’ इथपर्यंत जाते. तथागतांचे शेवटचे भोजन पावा येथे चुंद लोहाराच्या घरी झाले. त्यात सूकरमद्दव नावाचा पदार्थ होता; कोणी त्याला डुकराचे मांस म्हणतात, कोणी अळंबी किंवा कंद. त्यानंतर त्यांचे दुखणे बळावले. तेव्हा त्यांनी आनंदाला आठवणीने सांगितले की चुंदाला कोणी दोष देऊ नये, त्याच्या मनाला यातना होऊ देऊ नयेत. आपण दर वर्षावासात हा प्रसंग वाचतो. जिच्या हातून चूक झाली त्या बाईला त्या दिवसांत दोन माणसांनी जाऊन हे सांगितले पाहिजे, नाहीतर ती पुढे रानभाजीही करणार नाही आणि घडलेले कुणाला सांगणारही नाही. तिने सांगितले नाही तर बाकीच्या घरांना कळणार कसे?

वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला सगळे जमतातच. त्यातल्या एका रविवारी वाचन आटोपल्यावर अर्धा तास काढा. वस्तीतल्या वयस्क बायांना बोलवा, आशाताईंना आणि शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींना बोलवा. तरोटा आणि कासविंदा, घोळ आणि दुधी, तांदुळजा आणि धोत्र्याचे रोपटे, अशा जोड्या मुळासकट आणून सतरंजीवर मांडा. एकाच झाडाला कोण काय म्हणते ते ऐका. चार घरांत चार नावे निघतील. मुलांच्या हातात पान द्या आणि टोक गोल की अणकुचीदार ते त्यांनाच सांगू द्या. कासविंद्याच्या शेंगा आणि धोत्र्याची बोंडे आणली असतील तर उठताना ती मोजून परत घ्या, विहाराच्या आवारात टाकू नका, खोल खड्ड्यात पुरा. आणि हात साबणाने धुऊन मगच खीर वाटा.